गरोदरपणात योगासनं: कोणती चालतात, कोणती टाळायची आणि कधी थांबायचं?

डिसेंबर २०२० मध्ये अभिनेत्री अनुष्का शर्मानं इन्स्टाग्रामवर एक फोटो टाकला. गरोदर अनुष्का शीर्षासनात आणि तिचे पाय धरून उभा असलेला विराट कोहली. फोटो जोरदार व्हायरल झाला. कौतुक झालं, तसंच ‘अशा अवस्थेत हे कशाला?’ असंही अनेकांनी विचारलं.

फोटोखाली अनुष्कानं काय लिहिलं होतं, हे मात्र अनेकांनी वाचलंच नाही. ती अनेक वर्षांपासून शीर्षासन करत होती. गरोदरपणाआधी करत असलेली आसनं योग्य आधारासह चालू ठेवायला डॉक्टरांनी तिला परवानगी दिली होती. त्यातून पोटाला पीळ देणारी आणि खूप पुढे वाकायची आसनं वगळली होती. ती भिंतीचा आधार घेत होती आणि तिची योगशिक्षिका ऑनलाइन लक्ष ठेवून होती.

म्हणजे सराव जुना, परवानगी डॉक्टरांची, आधार भिंतीचा आणि लक्ष शिक्षिकेचं. यातलं काहीच नसताना फक्त फोटो पाहून तेच आसन करायला जाणं धोक्याचं आहे. गरोदरपणातल्या योगाबद्दल ‘हे आसन चांगलं की वाईट?’ असं सरसकट विचारून भागत नाही. कोणाला, कितव्या महिन्यात आणि कशाच्या आधारानं, हेही विचारावं लागतं.

मुळात गरोदरपणात व्यायाम चालतो का?

हो. गरोदरपण निरोगी असेल, कोणतीही गुंतागुंत नसेल, तर चालतो आणि तो करावा असंच सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्त्रियांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही साधारण हेच सांगते. योगासनं, चालणं, पोहणं हे सगळं यात येतं. आधी व्यायामाची सवय नसेल, तर रोज १०-१५ मिनिटांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवायची.

‘मध्यम’ म्हणजे किती? सोपी खूण अशी की, व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. वाक्य पूर्ण करायला धाप लागत असेल, तर वेग कमी करा.

‘व्यायामामुळे गर्भ पडेल’ ही भीती अनेक घरांत असते. पण सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपातांचं सर्वात मोठं कारण गर्भातल्या गुणसूत्रांमधला दोष हे असतं. हलक्या व्यायामामुळे निरोगी गर्भ पडतो, असं दिसून आलेलं नाही. गर्भपात झालेल्या स्त्रीला ‘तू वाकलीस म्हणून झालं’ असं ऐकवणं चुकीचं तर आहेच, क्रूरही आहे.

शरीरात असं काय बदलतं?

काही आसनं का टाळायची, हे समजण्यासाठी चार बदल माहीत असायला हवेत.

पहिला बदल सांध्यांचा. गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे सांध्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध सैल होऊ लागतात. बाळंतपणासाठी कटीच्या हाडांना जागा मिळावी, म्हणून हे उपयोगाचं असतं. पण त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वाकता येतं आणि ताण कुठे थांबवायचा, हे पटकन कळत नाही. ‘आज किती छान वाकता आलं’ म्हणून आणखी ताणलं, की दुसऱ्या दिवशी कंबर किंवा जांघेतलं हाड दुखायला लागतं. म्हणून गरोदरपणात स्वतःच्या क्षमतेच्या बरंच अलीकडे थांबायचं.

दुसरा बदल तोलाचा. पोट पुढे येतं, तसा शरीराचा भार पुढे सरकतो आणि कंबरेचा बाक वाढतो. कालपर्यंत एका पायावर सहज उभी राहणारी स्त्री सातव्या महिन्यात डगमगू शकते. पोटावर पडणं हा खरा धोका आहे.

तिसरा बदल रक्ताभिसरणाचा. साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर सपाट झोपलं, की गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी झालं, की रक्तदाब घसरतो. त्यामुळे काहींना चक्कर येते, घाम फुटतो, मळमळतं. म्हणूनच शवासन कुशीवर करायला सांगतात.

चौथा बदल पोटाच्या स्नायूंचा. पोटावरचे उभे स्नायू मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सरकतात. अशा वेळी पाठीवरून झटक्यात उठलं किंवा नौकासनासारखं आसन केलं, तर या मधल्या भागावर जोर येतो. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताचा आधार घेऊन बसायचं.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं?

खरं तर सगळ्यांनीच. पण पुढीलपैकी काही असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय योगासनं सुरू करू नयेत किंवा आधीपासूनचीही चालू ठेवू नयेत:

- सोनोग्राफीत वार खाली असल्याचं सांगितलं आहे
- अंगावरून रक्त जात आहे
- गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे किंवा त्याला टाका घातला आहे
- मुदतीआधी कळा येत आहेत किंवा अंगावरून पाणी जात आहे
- रक्तदाब वाढला आहे
- हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार आहे
- जुळी किंवा तिळी बाळं आहेत
- रक्त खूप कमी आहे

शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय होता. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं, तर तो रक्तक्षय मानला जातो आणि ७ च्या खाली गेलं, तर तो गंभीर असतो. अशा वेळी लागणारी धाप ‘स्टॅमिना नाही’ म्हणून सोडून देता येत नाही. तिथे आधी उपचार हवेत. कोणत्याही आसनानं लोहाच्या गोळीचं काम होत नाही.

कितव्या महिन्यात काय करावं?

पहिले तीन महिने: मळमळ, थकवा आणि झोप यांतच अनेकींचा दिवस जातो. आधीपासून योग करणाऱ्यांनी तीव्रता कमी करून चालू ठेवायला हरकत नसते. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी चालणं, साधे श्वसनाचे प्रकार आणि खांदे-मानेच्या हालचाली एवढंच करावं. अनेक योगसंस्था नवीन विद्यार्थिनींना तिसरा महिना संपल्यावरच वर्गात घेतात. पोटात बाळ आहे हे बाहेरून दिसत नसल्यामुळे या काळात वर्गातल्या शिक्षकांना स्वतःहून सांगणं गरजेचं असतं.

चौथा ते सहावा महिना: बहुतेकींना या काळात बरं वाटतं. सराव बसवायला हा सर्वात सोयीचा काळ. पोटावर झोपून करायची आसनं आता पूर्ण बंद. पाचव्या महिन्यापासून पाठीवर सपाट जास्त वेळ राहायचं नाही.

सातवा ते नववा महिना: आसनं कमी, आधार जास्त. खुर्ची, भिंत, लोड, उशा जे हाताशी असेल ते वापरायचं. नवीन आसन शिकण्याची ही वेळ नाही. सैल होणं, श्वास लांबवणं आणि आरामात बसणं यांवर भर द्यायचा.

सहसा चालणारी आसनं

गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात पुढील प्रकार साधारणपणे सुरक्षित मानले जातात:

- ताडासन: भिंतीला पाठ लावून, पायांत अंतर ठेवून. टाचा उचलायच्या नाहीत.
- मार्जारासन: हात आणि गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच वर गोल करणं आणि परत सरळ करणं. कंबरदुखीसाठी अनेकींना याचा आराम पडतो. पोट खाली सोडून कंबर जास्त आत वाकवू नये. गुडघ्यांखाली घडी केलेली चादर घ्यावी.
- बद्धकोनासन: बसून दोन्ही तळपाय जुळवायचे. खाली उशी घ्यायची, पाठ भिंतीला टेकवायची. गुडघे हातानं दाबायचे नाहीत आणि जोरात हलवायचेही नाहीत. जांघेच्या हाडात दुखत असेल, तर हे आसन सोडून द्यायचं.
- वीरभद्रासन: पुढे खुर्ची ठेवून, तिची पाठ धरून. पायांतलं अंतर नेहमीपेक्षा कमी.
- बालासन: गुडघे पसरून, पोटाला जागा देऊन, कपाळ उशीवर टेकवून.
- कुशीवर शवासन: डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटाखाली लहान उशी.

प्रत्येक आसनात काही श्वास थांबायचं आणि बाहेर यायचं. जेवणानंतर किमान दोन तासांनी करावं, पण अगदी उपाशीपोटीही नको. जवळ पाणी ठेवावं आणि खोलीत हवा खेळती असावी.

आधार घेऊन आसन करणं म्हणजे कमीपणा, असं काहींना वाटतं. पण लाकडी विटा, लोड, पट्टे, खुर्ची वापरून आसनं शिकवण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातूनच जगभर पोहोचवली. त्यांची कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या आणि गरोदरपणातल्या योगसाधनेवर पुस्तकं लिहिली. या परंपरेत मुरलेल्या साधिकांना गरोदरपणात आधारासह उलटी आसनंही शिकवली जातात, पण ती जाणत्या शिक्षकासमोर. घरी रील पाहून नव्हे.

काय टाळावं?

- पोटावर झोपून करायची आसनं: भुजंगासन, शलभासन, धनुरासन.
- पोट आवळणारी किंवा दाबणारी आसनं: नौकासन, पाय जुळवून केलेलं पश्चिमोत्तानासन.
- पोटाला पीळ देणारी आसनं: अर्धमत्स्येंद्रासन. वळायचंच असेल, तर फक्त खांद्यांपासून आणि पोट मोकळं ठेवून.
- खोलवर मागे वाकायची आसनं: चक्रासन, उष्ट्रासन.
- उलटी आसनं: शीर्षासन, सर्वांगासन, हलासन. आधीचा सराव नसेल, तर प्रश्नच नाही.
- उड्या मारत, वेगानं केलेले प्रकार.
- हॉट योग: यात खोली ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेली असते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या आठवड्यांत, शरीराचं तापमान खूप वाढणं बाळाच्या मेंदू आणि मणक्याच्या वाढीसाठी धोक्याचं ठरू शकतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत व्यायाम करणंही याच कारणासाठी टाळावं.

सूर्यनमस्काराबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यात साष्टांग स्थिती आणि भुजंगासन आहे, शिवाय पुन्हा पुन्हा खाली वाकून वर यावं लागतं. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं घालू नयेत. खुर्चीच्या आधारानं बदललेला प्रकार शिक्षकांकडून शिकता येतो.

प्राणायामाचं काय?

‘फक्त श्वास तर आहे, त्यात काय धोका?’ असं वाटू शकतं. पण कपालभाती आणि भस्त्रिकामध्ये पोटाला झटके बसतात. उड्डियान बंध आणि नौलीमध्ये पोट आत ओढलं जातं. कुंभकात श्वास रोखला जातो. गरोदरपणात हे सगळं टाळायचं.

दीर्घ श्वसन, श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम आणि भ्रामरी हे सहसा चालतात. श्वास सोडायला घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ देण्याचा सराव कळांच्या वेळी उपयोगी पडू शकतो. चक्कर आली, तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

संशोधन काय सांगतं?

दोन अभ्यास पाहूया.

२००५ मध्ये बंगळूरमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३३५ गरोदर स्त्रिया होत्या. एक गट रोज तासभर योग करत होता, तर दुसरा दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालत होता. योगाच्या गटात अडीच किलो किंवा त्याहून अधिक वजनाची बाळं जास्त होती आणि मुदतपूर्व प्रसूती कमी होत्या. मात्र या स्त्रियांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीनं झाली नव्हती. त्यामुळे सगळा फरक योगामुळेच पडला, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेत ३५ ते ३७ आठवड्यांच्या २५ निरोगी गरोदर स्त्रियांकडून २६ आसनं करून घेण्यात आली. त्यांत अधोमुख श्वानासन आणि शवासनही होतं. आसनं चालू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले गेले आणि ते सामान्य राहिले. कोणी पडलं नाही आणि पुढच्या २४ तासांत रक्तस्राव किंवा कळांची तक्रार आली नाही. हा दिलासा आहे, पण अभ्यास लहान होता. सहभागी स्त्रिया निरोगी होत्या आणि शेजारी लक्ष ठेवणारे लोक होते.

ताण, चिंता आणि कंबरदुखी कमी होण्यासाठी योगाचा फायदा होत असल्याचं इतरही काही अभ्यासांत दिसलं आहे.

पण ‘हे आसन करा आणि शंभर टक्के नॉर्मल डिलिव्हरी’ हा दावा मात्र खोटा आहे. बाळ पायाळू असणं, वार खाली असणं, कळा चालू असताना बाळाचे ठोके मंदावणं अशा कारणांनी सिझेरियन करावं लागतं. त्यात आईनं कमी आसनं केली, असा काही दोष नसतो.

व्हिडिओ पाहून घरी करावं का?

आधीचा सराव असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर सोपे प्रकार व्हिडिओच्या मदतीनं करता येतात. पण व्हिडिओतल्या शिक्षिकेला तुमचा सोनोग्राफी रिपोर्ट माहीत नसतो आणि तुमचा तोल जातोय हेही दिसत नाही. नव्यानं सुरुवात करत असाल, तर निदान पहिले काही दिवस समोरासमोर शिकणं बरं. घरी करताना कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावं.

क्लास लावताना हे विचारा:

- गरोदर स्त्रियांना शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का? योगशिक्षकाचं साधं प्रमाणपत्र आणि हे प्रशिक्षण एक नव्हे.
- प्रवेशाआधी महिना, रिपोर्ट आणि तक्रारी विचारल्या जातात का?
- एका वर्गात किती जणी असतात?
- दुखलं तर ‘सहन करा’ सांगतात की आसन बदलून देतात?

गर्भसंस्काराच्या वर्गात योग शिकवत असतील, तरी हेच प्रश्न लागू होतात. तिथे कोणी गोळ्या किंवा तपासण्या बंद करायला सांगत असेल, तर तो वर्ग सोडावा.

लगेच कधी थांबायचं?

योग करताना किंवा नंतर यातलं काहीही झालं, तर थांबा आणि डॉक्टरांशी संपर्क साधा:

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
- पोटात दुखणं किंवा ठराविक वेळानं कळा येणं
- चक्कर, छातीत दुखणं, बसल्या जागीही धाप लागणं
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा धूसर दिसणं
- एका पोटरीत दुखणं किंवा सूज
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणं

‘थोडा वेळ झोपते, बरं वाटेल’ म्हणून वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात जाण्या-येण्यासाठी गरोदर मातांना १०२ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आहे आणि तातडीसाठी १०८.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या महिन्यात उकिडवं बसून फरशी पुसली, की बाळंतपण सोपं होतं का?
तशी खात्री नाही. आधार घेऊन उकिडवं बसल्यानं कटीच्या सांध्यांना हालचाल मिळते, हे खरं. पण ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका मोठा आहे. वार खाली असेल, बाळ पायाळू असेल किंवा मुदतीआधी कळा येत असतील, तर मालासनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

घरकाम भरपूर होतं, मग वेगळा योग कशाला?
घरकामानं शरीर हलतं, पण अनेकदा त्यातून थकवा आणि पाठदुखीच वाट्याला येते. श्वास, ताण सैल करणं आणि वीस मिनिटं स्वतःसाठी मिळणं, हे घरकामातून मिळत नाही. ज्या घरात सून दिवसभर उभी असते, तिथे तिला आधी विश्रांती हवी.

रात्री झोपेत पाठीवर वळले, तर बाळाला धोका आहे का?
जाग आली की कुशीवर वळा. घाबरण्याचं कारण नाही.

बाळंतपणानंतर पुन्हा कधी सुरू करता येतं?
हलकं श्वसन आणि थोडं चालणं डॉक्टरांच्या सल्ल्यानं लवकर सुरू होऊ शकतं. आसनांसाठी, विशेषतः सिझेरियननंतर, सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबून टाके आणि पोटाचे स्नायू पाहून घ्यावेत.

डॉक्टरांना विचारणार कधी?

पुढच्या तपासणीला ‘योग करू का?’ एवढंच विचारलं, तर उत्तरही ‘हो, करा’ एवढंच मिळेल. त्याऐवजी वार कुठे आहे, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब किती आहे आणि आधी कोणती आसनं करत होता, ते सांगून विचारा. मोबाइलमध्ये आसनांचे फोटो असतील, तर तेही दाखवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथेही हे विचारता येतं. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. तारीख आणि केंद्राची माहिती गावातल्या आशाताईंकडे मिळेल.